अमेरिकेतली बाग आणि हार्डिनेस झोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हार्डिनेस झोनमध्ये नेमकं काय मोजलेलं असतं?

हार्डिनेस म्हणजे झाडाची थंडी सोसण्याची ताकद. झोनमध्ये मोजतात ती वर्षातली सर्वांत थंड रात्र, आणि फक्त तीच. एखाद्या ठिकाणी दर हिवाळ्यात पारा ज्या नीचांकाला जातो तो आकडा घ्यायचा, असे ३० वर्षांचे ३० आकडे जमवायचे आणि त्यांची सरासरी काढायची. ती सरासरी ज्या पट्टीत बसते तो तिथला झोन. ऊन, पाऊस, माती, उन्हाळ्याची काहिली, दिवसाची लांबी यातलं काहीही या हिशोबात येत नाही.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या (यूएसडीए) नकाशावर १ ते १३ असे झोन आहेत. एक झोन १० अंश फॅरेनहाइटचा आणि त्याचे ‘ए’ व ‘बी’ असे ५-५ अंशांचे दोन भाग. ‘ए’ हा जास्त थंड. तक्ता पाठ करायची गरज नाही. झोन ७ शून्य फॅरेनहाइटला सुरू होतो, एवढं लक्षात ठेवा. तिथून एक झोन वर गेलात की दहा मिळवा, खाली आलात की दहा वजा करा. म्हणजे ८ सुरू होतो १० ला, ९ वीसला, आणि ६ सुरू होतो उणे १० ला. सेल्सियसमध्ये सांगायचं तर झोन ६ म्हणजे साधारण उणे २३ ते उणे १८, आणि झोन १० म्हणजे उणे १ ते साडेचार.

माझा झोन कसा शोधायचा? नर्सरीवाला एक सांगतो, जुनं पुस्तक दुसरंच.

यूएसडीएच्या झोन नकाशाच्या पानावर झिप कोड टाका, लगेच कळतं. डोंगराळ भागात किंवा मोठ्या तळ्याकाठी राहत असाल तर झिप कोडवर थांबू नका, नकाशा मोठा करून आपलं घर पाहा. एकाच झिप कोडात दोन अर्धे झोन असू शकतात, आणि नकाशा सुमारे ८०० मीटरच्या चौकटीपर्यंत बारीक आहे.

आकडे जुळत नाहीत कारण नकाशा बदललाय. पहिला १९६० चा, मग १९९० आणि २०१२ च्या मोठ्या सुधारणा, आणि आत्ता चालू असलेला नोव्हेंबर २०२३ चा. तो १९९१ ते २०२० या वर्षांच्या नोंदींवर बेतलेला आहे आणि त्यासाठी १३,४१२ हवामान केंद्रांचे आकडे वापरले आहेत. २०१२ च्या नकाशात केंद्रं ७,९८३ होती. नव्या नकाशात जवळजवळ अर्धा देश अर्ध्या झोनने ‘उबदार’ झाला. डॅलस ८ए चं ८बी झालं, सिॲटल ८बी चं ९ए.

पण अर्धा झोन वर सरकला म्हणून लगेच लिंबाचं झाड जमिनीत लावायला धावू नका. हा बदल सरासरीचा आहे. शिवाय केंद्रं वाढल्यामुळे आणि गणिताची पद्धत सुधारल्यामुळेही काही सीमारेषा हलल्या आहेत. रोपांच्या लेबलांवरचे आकडे मात्र बहुधा जुन्याच अनुभवावर छापलेले असतात.

झोनमध्ये बसणारं झाड लावलं, तरी पहिल्याच हिवाळ्यात गेलं. असं का?

सर्वांत जास्त तक्रारी याच. कारणं बरीच असतात, पण आधी सरासरीचा घोळ समजून घ्या.

समजा तुमच्या अंगणात पाच हिवाळ्यांचे नीचांक असे आहेत: ४, ९, उणे ३, ११, ६ अंश फॅरेनहाइट. बेरीज २७, सरासरी ५.४. म्हणजे झोन ७बी. लेबलवर ‘झोन ७’ असलेलं झाड तुम्ही बिनधास्त लावलंत. चार हिवाळे ते मजेत काढेल, पण तिसऱ्या वर्षीची ती उणे ३ ची रात्र झोन ६ची आहे, आणि झाड मरायला एक रात्र पुरते. सरासरी म्हटलं की काही वर्षं तिच्या खालची असणारच.

याचं ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२१ चं टेक्सास. १६ तारखेला डॅलस-फोर्ट वर्थला उणे २ फॅरेनहाइटची नोंद झाली, म्हणजे झोन ६बी ची थंडी. तेव्हाच्या नकाशावर डॅलस ८ए होतं. वीस-वीस वर्षांची झुडपं त्या आठवड्यात काळी पडली. म्हणून जे झाड वीस वर्षं टिकायला हवं, म्हणजे सावलीचं झाड, कुंपण, फळझाड, ते आपल्यापेक्षा एक झोन थंड ठिकाणचं निवडा. मोसमी हौसेला अर्धा झोन धाडस चालतं.

दुसरं कारण पाणी. लॅव्हेंडर, रोझमेरी, सेज ही मंडळी थंडीपेक्षा हिवाळ्यातल्या ओल्या मुळांनी जास्त मरतात. चिकण मातीत पाणी साचलं, गोठलं, वितळलं की मुळं कुजतात आणि दोष झोनवर जातो.

तिसरं कारण वय. लेबलवरचा आकडा मूळ धरलेल्या झाडासाठी असतो. ऑक्टोबरच्या अखेरीला सेलमध्ये स्वस्त मिळालं म्हणून लावलेल्या रोपाची मुळं अजून कुंडीच्याच आकारात असतात. जमीन गोठायच्या किमान सहा आठवडे आधी लागवड झाली पाहिजे. त्यातून जमीन दिवसा वितळून रात्री गोठत राहिली तर नवं रोप मुळांसकट वर उचललं जातं, दात हलल्यासारखं. यावर उपाय म्हणजे तीन-चार इंच पालापाचोळ्याचं किंवा लाकडाच्या भुशाचं आच्छादन, तेही जमीन एकदा गोठल्यावर. आधी घातलं तर उंदीर आत घर करतात. बुंध्याला टेकवून ढीग लावू नका, दोन-तीन इंच मोकळं सोडा.

लेबलवर ‘झोन ५–९’ असं असतं. खालचा आकडा कळला, वरचा कशासाठी?

वरचा आकडा सांगतो की यापेक्षा उबदार ठिकाणी हे झाड नीट राहत नाही. कधी त्याला उन्हाळा झेपत नाही, कधी पुरेशी थंडी मिळत नाही. पिओनी हे फुलझाड झोन ३ ते ८ चं. ह्यूस्टनमध्ये ते मरेलच असं नाही, पण कळ्या धरायला लागणारी थंडी न मिळाल्यामुळे नुसतीच पानं देत बसेल. सफरचंद, पीच, चेरी यांचंही तसंच. त्यांचा हिशोब ‘चिल अवर्स’मध्ये होतो, म्हणजे साधारण ४५ फॅरेनहाइटच्या (७ सेल्सियस) खाली गेलेले हिवाळ्यातले तास. बऱ्याच सफरचंदांना ८०० ते १००० तास लागतात, ‘ॲना’ या जातीला २००-३०० पुरतात. फळझाड घेताना झोनइतकाच हा आकडा विचारा.

खरं तर वरच्या आकड्यावर फार विसंबू नये. तो पुष्कळदा अंदाजानेच छापलेला असतो.

सिॲटलच्या बहिणीचं झाड छान वाढतं, ऑस्टिनमध्ये आमचं होरपळलं. दोन्हीकडे झोन तर ९ए!

दोन्हीकडची सर्वांत थंड रात्र सारखी, बाकी काहीच सारखं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सिॲटलची दुपार साधारण २५-२६ सेल्सियसची आणि रात्र गार. ऑस्टिनला तेव्हा ३६ च्या वर आणि रात्रीही उतार नाही. फ्युशिया, ऱ्होडोडेंड्रॉन, डेल्फिनियम ऑस्टिनच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. उलट आपली भेंडी, वांगी, मिरची ऑस्टिनमध्ये तरारतात आणि सिॲटलमध्ये फळ धरायलाच रडवतात.

यासाठी अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीचा १९९७ चा ‘हीट झोन’ नकाशा आहे. वर्षातले किती दिवस पारा ८६ फॅरेनहाइटच्या (३० सेल्सियस) वर जातो, त्यावर १ ते १२ झोन. लेबलांवर तो क्वचितच दिसतो, पण दक्षिणेत राहणाऱ्याने पाहावा. कॅलिफोर्निया, ओरेगन, वॉशिंग्टनकडच्या जुन्या माळ्यांना विचाराल तर ते यूएसडीएपेक्षा ‘सनसेट’ मासिकाचे २४ झोन सांगतील. त्यात समुद्राचं वारं, उन्हाळा, पाऊस सगळं धरलेलं असल्यामुळे पश्चिम किनाऱ्यावर तेच जास्त उपयोगी.

एकाच अंगणात दोन झोन असू शकतात का?

असतातच. महाबळेश्वरची बातमी दर हिवाळ्यात वाचता ना: वेण्णा लेक आणि लिंगमळ्याकडे दवबिंदू गोठले, गाड्यांच्या टपावर हिमकण, आणि त्याच पहाटे गावातल्या केंद्रावर पारा मात्र कितीतरी अंश वर. थंड हवा जड असते, रात्री पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि सखल भागात साचते. तुमच्या मागच्या अंगणाचा उतार जिथे कुंपणाला अडतो, तिथे असंच एक छोटं वेण्णा लेक तयार होतं. अंजीर तिथे लावू नका.

उलट दक्षिणेकडे तोंड असलेली विटांची किंवा दगडी भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब सोडत राहते. भिंतीपासून दोन-तीन फुटांच्या पट्ट्यात सहज अर्ध्या झोनचा फायदा मिळतो. ड्राइव्हवे, तळघराची भिंत, ड्रायरचा झरोका यांच्याजवळही. आपल्याकडची ऊब पाहायची असेल तर कमाल-किमान तापमान धरून ठेवणारा साधा थर्मामीटर घ्या आणि एक हिवाळा दोन-तीन ठिकाणी फिरवून ठेवा. जानेवारीतल्या चार कडक रात्रींचे आकडे भिंतीजवळ, लॉनच्या मध्यावर आणि खालच्या कोपऱ्यात लिहून काढलेत की कोणतं झाड कुठे लावायचं ते कळतं.

बर्फाचा थरही पांघरूणच असतो. सहा-आठ इंच भुसभुशीत बर्फाखाली जमीन हवेपेक्षा बरीच उबदार राहते. म्हणून कधीकधी मिनेसोटात जगलेलं बारमाही झाड बर्फ न टिकणाऱ्या कॅन्ससमध्ये मरतं.

कुंडीतल्या झाडाला कोणता झोन धरायचा?

आपल्या झोनमधून दोन वजा करा. झोन ७ मध्ये वर्षभर बाहेर राहणाऱ्या कुंडीत झोन ५ ला टिकणारं झाड हवं. फांद्या जितकी थंडी सोसतात तितकी मुळं सोसत नाहीत. जमिनीत त्यांना चहूबाजूंनी मातीची ऊब असते, कुंडीत गार वारा पाचही बाजूंनी लागतो. मोठी कुंडी लहानीपेक्षा बरी, लाकडी किंवा जाड प्लॅस्टिकची मातीच्या कुंडीपेक्षा बरी, कारण मातीची कुंडी ओली होऊन गोठली की तडकते. कुंडी जमिनीत खड्डा करून काठापर्यंत पुरली किंवा गरम न केलेल्या गॅरेजमध्ये ठेवली तर हा दोन झोनचा तोटा बराचसा भरून निघतो.

आपली झाडं कोणत्या झोनमध्ये बाहेर राहतात?

*कढीपत्ता:* १० आणि वर जमिनीत. ९बी मध्ये भिंतीच्या आडोशाने जमतं, कडाक्यात वरून जळून बुंध्यापासून पुन्हा फुटतो. खाली सगळीकडे कुंडी. घेताना एक सापळा सांभाळा. नर्सरीत ‘करी प्लांट’ म्हणून चंदेरी, सुईसारख्या पानांचं एक झुडूप विकतात. ते हेलिक्रिसम इटॅलिकम, वास मसाल्यासारखा, पण फोडणीत घातलंत तर वरण वाया. आपल्याला हवा तो मुराया कोएनिगी, हल्ली लेबलवर बेर्गेरा कोएनिगी असंही असतं.

*मोगरा:* ९ ते ११. ‘स्टार जॅस्मिन’ किंवा ‘कॉन्फेडरेट जॅस्मिन’ हा मोगराही नाही आणि जाईही नाही. झोन ८ पर्यंत बाहेर राहतो, ‘मॅडिसन’ ही जात ७ मध्येही. वास छान, पण गजरा होत नाही.

*जास्वंद:* इथे लोक हमखास फसतात. गुळगुळीत चकचकीत पानांची, गणपतीला वाहतो ती जास्वंद झोन ९–१० च्या वरची. ताटाएवढ्या फुलांची ‘हार्डी हिबिस्कस’ झोन ५ लाही राहते, पण हिवाळ्यात जमिनीपर्यंत वाळून मे अखेरीस उगवते. तिसरी ‘रोझ ऑफ शॅरन’, झोन ५ ते ९, चांगलं आठ-दहा फूट झुडूप. तिन्हींच्या लेबलवर हिबिस्कसच असतं. दुसरा शब्द वाचा: रोझा-सिनेन्सिस, मोश्युटोस, सिरियाकस.

*अळू:* ८ आणि वर गड्डे जमिनीतच ठेवा. ७ मध्ये जाड आच्छादनाखाली निभावतात, ६ आणि खाली पहिल्या फ्रॉस्टनंतर (दव गोठवणाऱ्या थंडीनंतर) काढून कोरड्या पीट मॉसमध्ये ५०-५५ फॅरेनहाइटला ठेवायचे. हळदीचंही जवळपास तसंच. आलं जरा जास्त नाजूक.

*शेवगा:* १० मध्ये झाड. ९ मध्ये वर्षाआड वरून मरतं आणि बुंध्यातून फुटतं, पाला मिळतो, शेंगा मिळतीलच असं नाही. *चाफा:* १० च्या खाली कुंडीत. थंडी लागली की पानं गाळतो, मग गॅरेजमध्ये ५० फॅरेनहाइटच्या वर कोरडा उभा करून ठेवा. नोव्हेंबर ते मार्च पाण्याचा थेंबही नको, दिलंत तर खोड कुजून मऊ पडतं. *अंजीर* ७ पासून बाहेर, ‘शिकागो हार्डी’ ६ आणि आडोशाला ५ मध्येही मुळांनी जगतं. *डाळिंब* ८ पासून, ‘सालावात्स्की’ सारख्या जाती ७ मध्ये. *केळ* म्हणून झोन ५-६ ला विकतात ती मूसा बास्जू: पानं जेवायला वाढण्याजोगी, पण फळ खाण्यालायक नाही. *हापूस:* १०बी च्या खाली विचार सोडा.

कढीपत्ता घरात घेतला की सगळी पानं गळतात. कसा जगवायचा?

पानं गळणं म्हणजे मरणं नव्हे. उजेड आणि ऊब कमी झाली की हे झाड झोपतं. खोड नखाने हलकेच खरवडून पाहा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.

रात्रीचं तापमान ५० फॅरेनहाइटच्या खाली जाऊ लागलं की आत घ्या, फ्रॉस्टची वाट पाहू नका. आत घेण्याआधी पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारा, शिरांजवळ खवले कीड आणि लाल कोळी शोधा, कीटकनाशक साबणाचं पाणी आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. एक कीड आत आली की जानेवारीपर्यंत सगळ्या खिडक्या तिच्या.

जागा दक्षिणेकडच्या खिडकीत, हीटरच्या झोतापासून दूर. शिकागो-न्यू जर्सीच्या डिसेंबरात खिडकीचा उजेड पुरत नाही, रोपावर १०-१२ तास ग्रो लाइट (झाडं वाढवायचा दिवा) लावला तर पानं टिकतात. पाणी वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच. खत मार्चपर्यंत बंद. आणि ताक: अंगणातल्या कढीपत्त्याला आंबट ताक घालायची पद्धत जुनी आहे, पण बंद घरातल्या कुंडीत ते घातलंत तर वास येतो आणि मातीत चिलटं होतात. बाहेर गेल्यावर घाला.

फेब्रुवारीच्या शेवटी फांद्या एक तृतीयांश छाटा, प्रत्येक टोकाला दोन-तीन फुटवे येतील. मेमध्ये बाहेर काढताना आधी दोन-तीन दिवस पूर्ण सावली, मग सकाळचं कोवळं ऊन, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात. थेट उन्हात ठेवलं तर घरातली पातळ पानं एका दुपारीत पांढरी पडतात. कुंडी बदलताना व्यास दोनच इंचांनी वाढवा. चार इंची रोप चौदा इंची कुंडीत घातलं तर न वापरलेली माती ओली राहते आणि मूळकूज होते.

भेंडी, वांगी, टोमॅटो यांना झोन पाहायचा का?

नाही. ही एका हंगामाची पिकं. त्यांच्यासाठी वसंतातला शेवटचा फ्रॉस्ट आणि शरदातला पहिला फ्रॉस्ट या दोन तारखा आणि मधले दिवस महत्त्वाचे. पाकिटावर ‘५५ दिवस’, ‘८० दिवस’ लिहिलेलं असतं ते याच हिशोबासाठी. टोमॅटो-वांग्या-मिरचीचे दिवस रोप बाहेर लावल्यापासून मोजतात, म्हणून मिरची-वांग्याची रोपं आठ-दहा आठवडे आधी घरात करावी लागतात. भेंडी थेट पेरायची, पण माती ६५-७० फॅरेनहाइट झाल्यावर. गार मातीत बी कुजतं. रात्रभर पाण्यात भिजवून पेरलंत तर लवकर रुजतं.

पापडीचा वेल मांडवभर गेला, पण सप्टेंबर आला तरी शेंग नाही. झोनचा दोष?

झोनचा नाही, दिवसाच्या लांबीचा. भारतातल्या वालाच्या बहुतेक गावठी जाती आणि तूर ही लहान दिवसांची पिकं. दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलत नाहीत. न्यू जर्सीत जूनचा दिवस पंधरा तासांचा, तिथे वेल नुसता पाला वाढवतो. सप्टेंबरमध्ये दिवस बारा-साडेबारा तासांवर आल्यावर तुरे दिसू लागतात, आणि शेंगा भरायच्या आत ऑक्टोबरचा फ्रॉस्ट येतो. नत्राचं खत टाकून हे सुटत नाही, उलट पाला वाढतो. दिवसाच्या लांबीला न जुमानणाऱ्या बुटक्या, लवकर येणाऱ्या जातीचं बी शोधा. टेक्सास, फ्लोरिडात पहिला फ्रॉस्ट उशिरा येतो, म्हणून तिथे गावठी वालही साधतो.

उद्या रात्री कडाका येणार असा इशारा आहे. आज काय करावं?

दुपारीच जमिनीला पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त धरते. मग फ्रॉस्ट क्लॉथ किंवा जुन्या चादरी झाडावरून जमिनीपर्यंत सोडा आणि कडेला विटा ठेवा. लॉलीपॉपसारखं वरचं डोकं बांधून बुंधा उघडा ठेवणं निरुपयोगी, कारण ऊब येते ती जमिनीतून. प्लॅस्टिक पानांना टेकू देऊ नका, टेकलं तिथे पान जळतं. कापडाच्या जाडीप्रमाणे २ ते ८ अंश फॅरेनहाइटचा फरक पडतो. लिंबाच्या झाडाला आणखी आधार हवा असेल तर आतून जुन्या पद्धतीच्या, गरम होणाऱ्या ख्रिसमसच्या दिव्यांची माळ गुंडाळा, बाहेर वापरण्यालायक वायर असलेली. एलईडी माळ शोभेची, तिला ऊब नाही. सकाळी पारा गोठणबिंदूच्या वर गेला की कापड काढा.

वसंतात झाड वाळकं दिसतंय. उपटू का?

जून मध्यापर्यंत थांबा. दरम्यान टोकापासून खाली खरवडत या. जिथे हिरवं लागेल तिथवर छाटा. फक्त कलमी झाडात, म्हणजे संत्रं, लिंबू, गुलाब यांत, नवा फुटवा कलमाच्या गाठीच्या वरून आलाय की खालून ते पाहा. खालून आला असेल तर ते खुंटाचं झाड. पानं तिहेरी आणि काटेरी दिसली तर ते बहुधा ट्रायफोलिएट संत्र्याचं, फळ कडू. ते ठेवण्यात अर्थ नाही.

कॅनडा किंवा इंग्लंडमध्ये हेच आकडे चालतात?

कॅनडाचा स्वतःचा नकाशा आहे. त्यात किमान तापमानासोबत फ्रॉस्टविरहित दिवस, उन्हाळी पाऊस, बर्फाचा थर, वारा हेही धरतात, म्हणून टोरोंटोचा कॅनडियन आकडा आणि अमेरिकन लेबलवरचा आकडा एकच समजू नका. इंग्लंडात रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची एच१ ते एच७ अशी पट्टी. ती उलटी चालते: एच७ सर्वांत काटक, उणे २० सेल्सियसच्याही खाली टिकणारं, आणि एच१ काचघरातलं.

पुणे, मुंबई, नागपूर कोणत्या झोनमध्ये येतात?

भारतात बागांसाठी असा अधिकृत झोन नकाशा वापरात नाही. अमेरिकन पट्टीने मोजलं तर पुणे आणि नागपूर साधारण ११ मध्ये, मुंबई १२ मध्ये पडेल. पण त्याचा उपयोग मर्यादित. आपल्याकडे झाड ठरवतात ते पाऊस, माती आणि एप्रिल-मे. म्हणून महाराष्ट्राचे जे नऊ कृषी-हवामान विभाग केलेत ते पाऊस, जमीन आणि पीकपद्धतीवर बेतलेले आहेत, आणि नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेनेही देशाचे वीस कृषी-परिस्थितिकी प्रदेश पाडताना जमीन आणि पिकाला ओल मिळणारा काळ धरला. थंडीचा प्रश्न येतो तो निफाडसारख्या ठिकाणी, जिथे लाटेत पारा पाच अंशांखाली जातो आणि द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

ऑनलाइन मागवलेल्या लॅव्हेंडरच्या पाकिटावर ‘झोन ५–९’ असतं आणि पुण्यात ते जुलैत मरतं, त्याचं कारण पावसाळा. लावायचंच असेल तर निम्मी वाळू-खडी घातलेल्या कुंडीत, पागोळीच्या आत, ऑक्टोबरमध्ये. ट्युलिपला १२ ते १६ आठवडे थंडी लागते, ती फ्रीजमध्ये द्यावी लागते, आणि फळांशेजारी ठेवले तर त्यांच्या इथिलीन वायूने आतली कळी मरते. सफरचंदाच्या ‘ॲना’ किंवा हिमाचलच्या ‘एचआरएमएन-९९’ या कमी थंडीच्या जाती महाराष्ट्रात लावलेल्या आहेत. फळ येतं, पण चव आणि रंग काश्मीरचा मिळेल अशी अपेक्षा नको.

भारतातून येताना कढीपत्त्याचं रोप किंवा भाज्यांचं बी आणता येईल?

रोप, फांदी, ताजी पानं नाही. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि लिंबूवर्गीय बागा उद्ध्वस्त करणारा सिट्रस ग्रीनिंग रोग पसरवणारी सिलिड कीड त्याच्यावर वाढते. फ्लोरिडात हा रोग २००५ मध्ये सापडला आणि तिथला संत्र्याचा धंदा त्याने खाल्ला. त्यामुळे अमेरिकेतल्या अमेरिकेतही क्वारंटीन असलेल्या भागांतून, म्हणजे फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियाच्या काही पट्ट्यांतून, कढीपत्त्याचं रोप दुसऱ्या राज्यात नेण्यावर निर्बंध आहेत. मैत्रिणीने टपालाने पाठवलेलं रोपही यात येतं. आपल्याच राज्यातल्या परवानाधारक नर्सरीतून घ्या.

भाज्यांच्या बियांना वेगळा नियम आहे: आधी यूएसडीएचा परवाना काढून, एका जातीच्या जास्तीत जास्त ५० बिया एका पाकिटात, प्रत्येकावर शास्त्रीय नाव, आणि विमानतळावर जाहीर करून. पर्समध्ये कागदात गुंडाळलेलं गावठी वालाचं बी सापडलं तर ते जप्त होतं आणि दंडही होऊ शकतो.